मास्तरांच्या वहीची सुधारित प्रत

हवाईयन गिटार शिकायचं ठरवल्यापासून मी जितक्या लोकांना शिव्या घातल्या, तितक्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत घातल्या नसतील. आणि नोकरीत मी काही मवाळ म्हणून प्रसिद्ध नव्हतो.

हे वाद्य मांडीवर आडवं ठेवतात. डाव्या हातात स्टीलची कांडी धरायची, ती तारांवर टेकवायची आणि सरकवायची. बोटांनी तार दाबायची नाही. नांदेडकडच्या आमच्या गावात लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली उरलेली मिनिटं भरायला हे वाजवत. लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठायचे, मी बसून राहायचो. साठाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता शिकू, आणि एक गिटार घेतली. बोईसरच्या फ्लॅटमध्ये दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

पण शिकायचं कशावरून? यूट्यूबवरचा पहिला अमेरिकन म्हातारा तारा एका सुरात लावायला सांगतो, दुसरा भलत्याच सुरात, आणि तिसरा म्हणतो पहिल्या दोघांचं ऐकू नका. चौथा बारा मिनिटांतली नऊ मिनिटं स्वतःच्या कुत्र्याबद्दल बोलतो. कोलकात्याहून पुस्तक मागवलं. जाहिरातीतलं मुखपृष्ठ इंग्रजी, आतली अक्षरं बंगाली. इंटरनेटवर दोनशे चौदा पानांचा एक कोर्स मिळाला. त्यात साठ पानं हवाई बेटांचा इतिहास, आणि कांडी कशी धरायची याला साडेतीन ओळी. असला कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो लिहिणाऱ्याच्या तोंडावर फेकला असता. पालघरला भाग्येश सर म्हणून एकाचा गिटारचा क्लास आहे, तिथे गेलो. ते पोरगं मला म्हणालं, "काका, या वयात युकुलेले घ्या, सोपं असतं." मी त्याला जे ऐकवलं त्यावर तो अजून विचार करत असेल.

आता माझं टेबल कसलं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायचो. गोळी कशी बनवायची, भांडं कसं धुवायचं, हात कसे पुसायचे, सगळ्याची लेखी पद्धत असते आणि प्रत्येक पद्धतीला क्रमांक असतो. सुधारणा झाली की नवी प्रत निघते. नवी प्रत निघाली की जुन्या प्रती खात्याखात्यांतून गोळा करायच्या, मोजायच्या, मशीनमध्ये घालून पट्ट्या करायच्या आणि सही ठोकायची. एकदा एक जुनी प्रत पॅनेलच्या मागे राहिली. कामगाराने तीच बघून माल बनवला, अख्खी बॅच फेकावी लागली आणि मी मॅनेजरसमोर शाळकरी पोरासारखा उभा राहिलो. त्या दिवसापासून जुनी प्रत दिसली की माझे हात शिवशिवतात. निवृत्त झाल्यावर पट्ट्या करायचं एक छोटं मशीन घरी घेतलं.

"लाइटची बिलं बी कापून काढायलाव," गोजराबाई म्हणते. ती माझी बायको. "एक दिवस मला बी घालताल त्याच्यात."

तर, चांगला लेखी धडा या जगात नाही असं ठरवून मी गिटार विकायला पालघरला धीरजच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात नेली. त्याने तारा तपासल्या आणि म्हणाला, "विकू नका. किनाऱ्यावरच्या मुरबे गावात चिंधू मास्तर होते. ऑर्केस्ट्रात हवाईयन वाजवायचे. गेल्या वर्षी वारले. पण त्यांनी वही लिहिलीय. पन्नास गाणी, पहिल्या धड्यापासून क्रमाने. बघा मिळते का."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी मुरब्यात.

मास्तरांची बायको रंभाबाई अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मी कोण, कशाला आलो ते सांगितलं. तिने हात धुतले, चहा टाकला, आणि पत्र्याच्या पेटीतून लाल पुठ्ठ्याची जाड वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. इतकी वर्षं मी कागद बघितलेत. पहिलं पान उघडलं आणि मला कळलं की हा माणूस कामाचा होता. तारा कशा लावायच्या ते पहिल्याच ओळीत. मग तारेचा क्रमांक, त्याखाली कांडी ज्या पट्टीवर टेकवायची तिचा क्रमांक, ओळीमागून ओळी, एकही फालतू शब्द नाही. कुत्रा नाही, बेटं नाहीत.

"शेवटची तीन वर्सं त्यांचा हात थरथरायचा," रंभाबाई म्हणाली. "वाजवायचं बंद झालं. मंग लिवाय बसले. मला तर वाचता येत नाय, सायेब. पन ते बोलायचे, शिकायला येईल त्याला नाय बोलू नको."

तेवढ्यात तिची मुलगी रात्रपाळी करून घरी आली. स्वाती, असेल सव्वीसेक वर्षांची. पिशवीही खाली न ठेवता तिने माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं.

"आये, ही बाहेर कशाला काढली?"

"त्यांना शिकायचंय गं."

"मग इथे येऊन शिकू दे."

मी म्हणालो, "हे बघ बाळ, मला रोज बोईसरहून येणं जमणार नाही. मी वही नेतो, नीट उतरवून घेतो आणि परत करतो."

"बाळ नका बोलू," ती म्हणाली. "बाबांनी मला अठरा गाणी शिकवली, मग गेले. उरलेली बत्तीस त्याच्यात आहेत. त्यातली शेवटची बारा त्यांची स्वतःची, कुठे रेकॉर्ड नाय, कोणाला येत नाय. दुसरी वही नाय. काय झालं तर मी काय करू?"

अशा बोलण्याचा मला संताप येतो. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही, आणि ही काल जन्मलेली पोर मला कागद सांभाळायला शिकवणार! मी तसं बोलूनही दाखवलं. ती काही बोलणार तोच रंभाबाईने तिला गप्प केलं. वर्षश्राद्ध दिवाळीनंतरच्या सोमवारी होतं. त्याच्या आधी वही परत, असं ठरलं. स्वातीने मला निरोप दिला नाही. मीही मागितला नाही.

महिनाभर मी त्या वहीत बुडालो. वाजवण्यात नव्हे, हे आज कबूल करतो. वहीतच. मास्तरांचं काम पक्कं होतं, पण कागद गलिच्छ होता. माशाच्या तेलाचे डाग, चहाची वर्तुळं. त्यात आकड्यांच्या डोक्यावर सगळीकडे पेन्सिलीच्या रेघा. काही तिरप्या, काही वाकड्या, काही लाटेसारख्या, मध्येच गळासारखी बारीक आकडी. खुणांचा अर्थ सांगणारं पान मी शोधलं. नव्हतं. आमच्याकडे नियम आहे, ज्या खुणेचा अर्थ कागदावर लिहिलेला नाही ती खूण कागदावर ठेवायची नाही. आणि अर्थ काय असणार? म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, बायकोच सांगत होती.

मी सगळं टाइप केलं. पन्नास गाणी, सुबक चौकटी, तार वर, पट्टी खाली. प्रत्येक पानावर क्रमांक. मुखपृष्ठावर मास्तरांचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली "सुधारित प्रत", त्याखाली बारीक अक्षरांत "संकलन : नागोराव". दोन प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं, वर प्लास्टिकचं कव्हर. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीनदा ताडून पाहिलं. एक आकडा चुकला नव्हता. छाती फुगली माझी. जगात या वाद्यावर असं शिस्तीचं साहित्य दुसरं नसेल असं मला वाटलं, आणि ते मी तयार केलंय असंही वाटलं.

मग लाल वही उचलली, पानं सुटी केली आणि दोन-दोन करून मशीनमध्ये घातली.

मी त्या वेळी रागात नव्हतो, झोपेत नव्हतो. हातांना सवय होती. नवी प्रत निघाली, जुनी नष्ट केली. पट्ट्या गोजराबाईने गॅलरीतल्या खताच्या बादलीत टाकल्या. सहीला रजिस्टर नव्हतं, एवढीच काय ती खंत तेव्हा वाटली.

त्यानंतरचे आठ दिवस सुधारित प्रतीवरून वाजवून पाहिलं. सूर बरोबर यायचे, पण गाणं येत नव्हतं. दाराची बेल वाजावी तसं वाजायचं. गोजराबाई म्हणाली, "कुणी आलंय का बघू का?" मी गिटारला दोष दिला, तारांना दिला, धीरजला फोन करून झापलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला सांगायला मी नेहमी पुढे असतो.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी, रविवारी, दोन्ही प्रती आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मुरब्याला गेलो. एक प्रत त्यांना भेट द्यायची होती. स्वातीचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

ती ओटीवर गिटार मांडीवर घेऊन बसली होती. मास्तरांचीच गिटार असणार. मी येताना रस्त्यावरूनच ऐकलं, आणि पाय थबकला. कांडी सरकत होती आणि तार माणसासारखी बोलत होती. एका सुरातून दुसऱ्यात कधी गेली ते कळत नव्हतं. मला बघून ती थांबली.

मी प्रत पुढे केली. तिने मुखपृष्ठ वाचलं, दोन-चार पानं चाळली.

"हे ठीक आहे," ती म्हणाली. "वही?"

"हीच आता वही. तीनदा तपासलीय. एक चूक काढून दाखव."

"काका, वही कुठे आहे?"

"जुनी नष्ट केली. जुनी-नवी दोन्ही राहिल्या की गोंधळ होतो. नियम आहे."

आतून रंभाबाई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "काय बोलतात गं ते?"

स्वातीने मला विचारलं, "कशी नष्ट केली?"

"मशीनमध्ये."

"फोटो?"

"मूळ कागद हातात असताना फोटो कशाला काढू?"

"तुकडे?"

"खतात गेले."

"आये," ती म्हणाली, "बाबांची वही फाडली ह्याने."

रंभाबाई उंबऱ्यावरच बसली. "सगली?" एवढंच म्हणाली.

मला अजून कळलं नव्हतं, हे लक्षात घ्या. आठवण म्हणून दुःख होतंय, त्यांच्या हातचं अक्षर होतं, असं मला वाटलं. मी समजूत घालू लागलो की बाई, मजकूर सगळा आहे, उलट आता शंभर वर्षं टिकेल, औषधाच्या कारखान्यात आम्ही अशाच...

"मी पण एमआयडीसीत आहे," स्वाती म्हणाली. "लॅबला. मला शिकवू नका. पद्धत बदलायची तर आधी अर्ज करतात. ज्याने लिहिली त्याची सही लागते. कोणाची सही घेतलीत?"

माझ्याच कामाच्या नियमात मला कोणी असं कधी धरलं नव्हतं.

"आणि पेन्सिल कुठे आहे ह्याच्यात?" तिने पान माझ्या नाकासमोर धरलं. "वरच्या रेघा?"

"त्या... त्यांचा हात थरथरायचा ना. त्या रेघा मी..."

"हात थरथरायचा म्हणून आकडे वाकडे यायचे. रेघा बाबा फुटपट्टीला हात टेकवून काढायचे. एकेक रेघ काढायला पाच-पाच मिनिटं लागायची. तिरपी रेघ म्हणजे सरकत जायचं. लाट म्हणजे कांडी हलवायची. आकडी म्हणजे उचलायचं. नुसते आकडे तर कोणीपण वाजवेल! गाणं रेघांत होतं."

तेव्हा कळलं. ती पानं डोळ्यांसमोर आणायचा मी प्रयत्न केला. तीनदा तपासली होती ना? पण मी आकडेच तपासले होते. रेघांकडे बघायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की मी बघत नाही.

मी उठलो. "मी येतो," म्हणालो.

"बसा," स्वाती म्हणाली. असं कोणी मला बोललं तर मी बसत नाही. पण बसलो.

तिने सुधारित प्रत समोर ठेवली आणि एकोणिसावं गाणं काढलं. पहिली ओळ वाजवली. दाराची बेल. "दुसऱ्या ओळीत तिसरा आकडा," तिने विचारलं, "सरकत जायचं का उचलून?"

"माहीत नाही."

रंभाबाई उंबऱ्यावरून गुणगुणू लागली. हे गाणं ऑर्केस्ट्रातलं होतं, तिने ऐकलेलं होतं. ओळ आली, दुसरी अर्धी आली. मग ती थांबली. "म्होरं काय होतं गं?"

"मला काय माहीत आये. तेच तर शिकायचं होतं."

विसावं गाणं. "इथे?" माहीत नाही. एकविसावं. "चौथ्यावरून सातव्यावर, एका झटक्यात का लाटेने?" माहीत नाही. ती चिडून विचारत नव्हती. यादी तपासावी तसं विचारत होती, आणि उत्तर आलं की पान उलटत होती. मला वाटलं, एखादं तरी उत्तर द्यावं. पुढच्या वेळी तिने पानं मागे-पुढे करून एक ओळ वाजवली आणि विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "सरकत जायचं. मला आठवतंय."

"हे आठवं गाणं आहे," ती म्हणाली. "मला येतं. इथे उचलायचं असतं. खोटं नका बोलू."

माझे कान तापले. या वयात. त्यानंतर मी फक्त खरं सांगितलं. चोवीस, माहीत नाही. तीस, माहीत नाही. शेजारचा निमेश आणि त्याची आई कुंपणाशी येऊन उभे राहिले, त्यांनी विचारलं काय झालं, कोणी सांगितलं नाही. पेढ्यांच्या पुड्याला मुंग्या लागल्या. एकोणचाळिसाव्यापासून मास्तरांची स्वतःची गाणी सुरू झाली. आता रंभाबाईचं गुणगुणणंही बंद झालं. स्वाती फक्त पहिली ओळ वाजवायची, माझ्याकडे बघायची आणि पान उलटायची.

एकोणपन्नासाव्याला तिने गिटार मांडीवरून खाली ठेवली. हाताच्या मुठी करून बसली. "बस झालं," म्हणाली. "मला नाय बघवत."

"शेवटचं राहिलं," रंभाबाई म्हणाली.

"तू विचार."

रंभाबाई उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला तिच्याकडे बघता येईना.

"शेवटचं त्यांनी हात गेल्यावर बांदलं, सायेब. वाजवता येत नव्हतं, मंग नुसतं लिवलं. मी बोलले, मला गाऊन तरी दाखवा. तर बोलले, नाय, पोरगी वाजवंल तवा आयक. उद्या श्राद्धाला वही बघून वाजवनार होती ती." तिने प्रतीवर बोट ठेवलं, भलत्याच पानावर. "तुमी वाचलंय ना सगलं? कसं हाय ते?"

मी पन्नासावं पान काढलं. चष्मा पुसला. माझ्याजवळ जे होतं तेच वाचू लागलो. दुसरी तार, पाच. दुसरी तार, सात. पहिली तार, तीन. पहिली तार, पाच. पुन्हा पाच. तिसरी तार, नऊ. असे एकशे बारा आकडे होते. शेवटच्या आकड्यापर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत राहिली.